भीष्म पितामह आणि द्रौपदीचं हसू : फली नरिमन यांची पुस्तकं पुन्हा वाचताना

फली सॅम नरिमन गेल्याची बातमी आली तेव्हा मी आमच्या जिल्हा न्यायालयाच्या बार रूममध्ये बसलो होतो. २१ फेब्रुवारी २०२४, बुधवार. बोर्डावर माझी सात प्रकरणं होती आणि त्यांतल्या पाचांना तारखा पडणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुणीतरी मोबाइलवरची बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "पंच्याण्णव वर्षं! सोनं झालं हो माणसाचं." मग चहा आला आणि किस्से सुरू झाले. नरिमन अमुक न्यायमूर्तींना असं म्हणाले, तमुक प्रतिपक्षाला तसं म्हणाले. त्यांतले निम्मे किस्से मी आधी पालखीवालांच्या नावावर ऐकले होते, तर दोन-तीन चक्क जमशेटजी कांगांच्या नावावर. वकिलांचे किस्से असेच फिरतात. पक्षकार बदलतो, खटला तोच राहतो.

पण गंमत अशी की, त्या खोलीत बसलेल्या पंधरा-वीस वकिलांपैकी एकानंही नरिमन यांना समोरासमोर पाहिलेलं नव्हतं. तरी सगळे हसत होते आणि हसता हसता हळहळत होते. तालुक्या-जिल्ह्यातल्या वकिलांना दिल्लीतल्या बड्या वकिलांबद्दल एरवी आदर असतो किंवा असूया असते. माया सहसा नसते. ती नरिमन यांच्या वाट्याला का आली, हा या लेखाचा एक प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी दिला. जवळजवळ प्रत्येकानं त्यांना 'भारतीय न्यायव्यवस्थेचे भीष्म पितामह' म्हटलं होतं. आपल्याकडे कुणीही नव्वदी ओलांडली की त्याचा भीष्म होतो. पण महाभारतातला भीष्म काही नुसता वयोवृद्ध नाही. तो भर सभेत गप्प बसलेला माणूस आहे, आणि खाल्ल्या मिठाला जागून, चूक कुठली हे कळत असूनही, त्याच बाजूनं लढलेला माणूस आहे. हे विशेषण वापरणाऱ्यांना एवढं सगळं म्हणायचं नव्हतं, हे मला कळतं. तरीही ते मनात अडकून बसलं. कारण नरिमन यांच्या आयुष्यात सभेतून उठून जाणं आहे, आणि मिठाला जागणंही आहे. म्हणून त्यांची पुस्तकं कपाटातून काढली आणि या वेळी वकील म्हणून न वाचता वाचक म्हणून वाचली. निदान तसा प्रयत्न तरी केला.

०००

नरिमन यांचं आत्मचरित्र 'बिफोर मेमरी फेड्स' २०१० साली आलं. तेव्हा ते एक्याऐंशी वर्षांचे होते. जन्म रंगूनचा, १० जानेवारी १९२९चा. १९४२ मध्ये जपानी बाँबहल्ल्यांमुळे कुटुंबाला ब्रह्मदेश सोडून खुष्कीच्या मार्गानं भारतात यावं लागलं. मग सिमल्याची शाळा, मुंबईचं सेंट झेवियर्स, गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज आणि १९५० साली मुंबई उच्च न्यायालयात सनद. मुलानं आयसीएस व्हावं असं वडिलांना वाटत होतं; पण तो खर्च झेपणारा नव्हता. मग उरला तो कायदा. घटनेतल्या एवढ्या मोठमोठ्या प्रश्नांवर युक्तिवाद करणारा हा माणूस दुसरं काही जमण्यासारखं नव्हतं म्हणून या धंद्यात आला, हे तो स्वतःच सांगतो. आणि सांगताना त्यात खोटी नम्रता आणत नाही.

वकिलांची आत्मचरित्रं मी बरीच वाचली आहेत. बहुतेकांची रचना निकालपत्रासारखी असते : घटना, मुद्दे, माझा युक्तिवाद, प्रतिपक्षाची भंबेरी, निकाल माझ्या बाजूनं. शेवटी हुकूमनामा काढायचा तेवढा बाकी असतो. नरिमन यांचं पुस्तक या वळणावर जात नाही. त्यात जिंकण्यापेक्षा माणसं जास्त आहेत. सर जमशेटजी कांगांच्या चेंबरमध्ये ते उमेदवारीला लागले, तेव्हा कांगांनी पंचाहत्तरी गाठली होती. सीरवई, पालखीवाला, पुढे सोली सोराबजी ही सगळी त्याच चेंबरच्या परंपरेतली नावं. या माणसांबद्दल लिहिताना नरिमन एक साधी गोष्ट सातत्यानं करतात. विनोदाचं शेवटचं वाक्य ते दुसऱ्याला देतात. हशा कांगांना मिळतो, एखाद्या न्यायमूर्तींना मिळतो, पत्नी बाप्सीला मिळतो. स्वतः नरिमन त्या प्रसंगात बहुधा गडबडलेला ज्युनिअर तरी असतात, नाहीतर नको तिथं बोलून बसलेला नवरा तरी.

आमच्या कोर्टांत विनोदाचे ढोबळ मानानं दोन प्रकार चालतात. एक साहेबांना खूश करणारा. न्यायाधीश काहीतरी म्हणतात आणि पुढच्या रांगेतले वकील जरुरीपेक्षा दोन सेकंद जास्त हसतात. दुसरा समोरच्याला कापणारा. साक्षीदाराची किंवा प्रतिपक्षाच्या वकिलाची अशी फिरकी घ्यायची की त्याचा मुद्दाच विसरला जावा. दोन्ही विनोद कामाचे असतात आणि दोन्हींचा मोबदला लगेच मिळतो. स्वतःवरचा विनोद मात्र कोर्टात कामाचा नाही. त्यानं अर्ज मंजूर होत नाही. नरिमन यांनी लिहिण्यासाठी तोच निवडला, आणि मला वाटतं, ते नुसते वकील न राहता लेखक झाले ते इथं.

मराठी वाचकाला ही जात ओळखीची आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करत होते आणि त्यांचा सुदामा स्वतःचीच फजिती सांगत होता. वकिली आणि विनोद यांचं नातं आपल्याकडे असं शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे. पण इथं एक धोकाही आहे. पारशी माणूस म्हटलं की आपल्यातल्या पुष्कळांना पेस्तनकाका आठवतात. पुलंनी ते इतके जिवंत केले की त्यानंतर कुठलाही पारशी आपल्याला आधी मिश्कील वाटतो आणि मग बाकीचा. त्या दिवशी आमच्या बार रूममध्येही नरिमन यांचा असाच पेस्तनकाका झाला होता. गोड, विक्षिप्त, जुन्या मुंबईतला बावाजी. अशानं माया करणं सोपं जातं, पण वाचणं राहून जातं.

०००

त्यांचा विनोद वाचायचा तर तो शीर्षकांपासून वाचायला हवा. २०१८ साली त्यांचं एक पुस्तक आलं : 'गॉड सेव्ह द ऑनरेबल सुप्रीम कोर्ट'. त्याच वर्षी १२ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेऊन सरन्यायाधीशांच्या कारभाराबद्दलची नाराजी बोलून दाखवली होती. असं आधी कधी झालं नव्हतं. शीर्षकाचा पहिला अर्थ सगळ्यांना कळतो. राजाला देवानं राखावं तसं आता न्यायालयालाही देवानंच राखावं. पण मला त्यातला बोचरा शब्द 'ऑनरेबल' हा वाटतो. आम्ही मराठी अर्जात 'मे. कोर्टास नम्र विनंती की' असं लिहितो. 'मे.' म्हणजे मेहेरबान. हजारो अर्जांत तो शब्द लिहून लिहून आमच्या लेखी त्याला काही अर्थ उरलेला नाही. नरिमन यांनी त्या झिजलेल्या शब्दाला शीर्षकात बसवून पुन्हा अर्थ दिला. ज्याच्यापुढे सत्तर वर्षं मान लववली, त्याच्या मानाचीच काळजी करायची वेळ आली, असा तो अर्थ. आदर जराही कमी न करता केलेली इतकी कडक टीका मी क्वचित वाचली आहे.

आत्मचरित्रातल्या एका प्रकरणाचं शीर्षक तर वकिलांमध्ये म्हणीसारखं झालं आहे. आपण जिंकलेला, पण हरलो असतो तर बरं झालं असतं असा खटला, या आशयाचं ते शीर्षक आहे. हा खटला १९९३चा, न्यायाधीशांच्या नेमणुकांचा. नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे नरिमन यांनी बाजू मांडली आणि नेमणुकांमध्ये शेवटचा शब्द न्यायालयाचा असेल, असा निकाल मिळवला. आज ज्याला आपण 'कॉलेजियम' म्हणतो ती पद्धत त्यातून उभी राहिली. पुढे तिचा कारभार बंद दाराआड चालू लागला आणि तो पाहून त्यांना आपल्या यशाबद्दल वाईट वाटू लागलं. एवढ्या मोठ्या विजयाबद्दल असं छापून सांगायला मोकळं मन लागतं. आमच्यातला एखादा साधा दिवाणी दावा जिंकला तरी दहा वर्षं सांगत फिरतो.

पण इथंच वाचक म्हणून माझी पहिली तक्रार आहे. २०१५ साली नेमणुकांसाठी राष्ट्रीय आयोग आणणाऱ्या घटनादुरुस्तीला आव्हान दिलं गेलं, तेव्हा आयोगाच्या विरोधात उभे राहिलेल्या प्रमुख वकिलांमध्ये पुन्हा नरिमन होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये चार विरुद्ध एक अशा मतानं घटनादुरुस्ती रद्द झाली. म्हणजे ज्या पद्धतीबद्दल हळहळ व्यक्त केली होती, तीच पुन्हा आली. यात विसंगती आहेच असं मी म्हणत नाही. कॉलेजियम वाईट, पण सरकारचा हात त्याहून वाईट, असं कुणीही प्रामाणिकपणे म्हणू शकतं. माझी तक्रार वेगळी आहे. ते शीर्षक इतकं सुरेख आहे की वाचक हसतो, लेखकाच्या दिलदारपणाला दाद देतो आणि पुढचा प्रश्न विचारायचा विसरतो. मग करायला काय हवं होतं? विनोद इथं कबुलीजबाबासारखा येतो आणि उलटतपासणी न होताच साक्षीदार पिंजऱ्यातून खाली उतरतो.

विनोदाची ही दुसरी बाजू मला बाहेरून कळलेली नाही. मी ती स्वतः वापरली आहे.

०००

जवळजवळ अकरा वर्षं मी एका विमा कंपनीच्या पॅनलवर होतो. मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे कंपनीच्या वतीनं उभं राहायचं आणि भरपाई होईल तेवढी कमी करायची, हे काम. ते बेकायदा नाही आणि माझ्या मते अप्रतिष्ठेचंही नाही. प्रत्येक बाजूला वकील हवा. चालकाकडे परवाना नव्हता, मयत माणूस ट्रॉलीत बसला होता, पगाराचा दाखला खोटा आहे, हे मुद्दे कुणीतरी मांडायलाच हवेत. भरपाईचं गणित सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली घालून दिलेलं आहे. मयताचं वय चौतीस तर गुणक सोळा. मागे दोन-तीन माणसं अवलंबून असतील तर स्वतःच्या खर्चापोटी उत्पन्नातून एक तृतीयांश वजा, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. म्हातारा बाप अवलंबून होता की नव्हता, यावर आम्ही तासन्‌तास भांडायचो. कारण तो एक माणूस हिशोबातून वगळला की वजावट वाढते आणि रक्कम खाली येते.

बार रूममध्ये यावर विनोद चालत. कुठले ते इथं लिहिणार नाही. मीही सांगायचो आणि माझे चांगले असायचे.

एका लोकअदालतीत तडजोड ठरली. मयत सेंट्रिंगचं काम करणारा होता, बायको पंचविशीतली. दाव्यातल्या मागणीच्या निम्म्याहून कमी रकमेवर आम्ही आणि तिचे वकील एकमत झालो होतो. तिचे वकील दुसऱ्या प्रकरणासाठी पलीकडच्या टेबलावर गेले होते. ती कागद हातात घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "साहेब, सही कुठं करू?" काळा कोट घातलेला प्रत्येक माणूस आपल्याच बाजूचा असतो, असं तिला वाटलं असणार. मी तिला जागा दाखवली. तिनं सही केली आणि मला नमस्कार करून गेली.

यात माझं काही चुकलं असं कुठलंही बार कौन्सिल म्हणणार नाही. तडजोड रीतसर होती, तिच्या वकिलांची संमती होती. संध्याकाळी मी हा प्रसंग विनोदी किस्सा म्हणून सांगितला. 'समोरच्या पार्टीनंच मला वकील नेमलं' असा. सगळे हसले. पुढची दोन-तीन वर्षंही तो मी सांगत होतो. मग एकदा सांगता सांगता मध्येच थांबलो आणि पुन्हा सांगितला नाही.

हे सगळं सांगायचं कारण भोपाळ.

०००

२ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. भरपाईचा दावा आधी अमेरिकेत गेला. तिथं एक विचित्र देखावा होता. भारतीय न्यायालयं हा खटला चालवायला समर्थ आहेत, असं परदेशी कंपनी सांगत होती आणि ती तितकी समर्थ नाहीत, असं भारत सरकार सांगत होतं. १९८६ साली न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी खटला भारतात पाठवला. सरकारची मागणी तीन अब्ज डॉलरांहून जास्त होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. नरिमन युनियन कार्बाइडचे वकील होते. बाधित म्हणून ज्यांचे दावे मान्य झाले त्यांची संख्या पुढे पाच लाखांच्या वर गेली आणि त्यांतल्या बहुसंख्य लोकांच्या हातात पहिल्या खेपेला प्रत्येकी २५ हजार रुपये पडले. ही रक्कम वाढवून मिळावी म्हणून केंद्र सरकारनं केलेली शेवटची याचिका सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये फेटाळली. नरिमन यांच्या निधनाच्या जेमतेम अकरा महिने आधी.

भोपाळबद्दल त्यांनी टाळाटाळ केली असं म्हणता येणार नाही. आत्मचरित्रात त्यांनी त्यावर लिहिलं आहे, तडजोडीचं समर्थनही केलं आहे. पुढे जाहीरपणे असंही सांगितलं की, नंतर जे जे समोर आलं ते तेव्हा माहीत असतं, तर आपण ते वकीलपत्र घेतलं नसतं. तो आपल्याला एक खटला वाटला होता, पण ती शोकांतिका होती, अशा अर्थाचंही ते बोलले आहेत. त्यांच्या उंचीच्या वकिलानं एवढं बोलणंही दुर्मीळ आहे. बहुतेकांनी 'वकील आणि पक्षकार वेगळे असतात' एवढ्यावर विषय मिटवला असता.

ते मिटवणं तत्त्वतः चूकही नाही. बार कौन्सिलचा नियम सांगतो की, ज्या न्यायालयात आपण काम करतो तिथलं येईल ते वकीलपत्र वकिलानं स्वीकारावं. नाकारायचं तर विशेष कारण हवं. हा नियम नसता तर बदनाम झालेल्या माणसाला वकीलच मिळाला नसता. हीच वकिलाची भीष्मप्रतिज्ञा. ज्याचं वकीलपत्र घेतलं, त्याची बाजू शेवटपर्यंत लढवायची.

पण नरिमन यांच्याच आयुष्यात या प्रतिज्ञेला दोन मोठे अपवाद आहेत. १९७२ पासून ते केंद्र सरकारचे अतिरिक्त सॉलिसिटर जनरल होते. २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि लगेचच त्यांनी राजीनामा दिला. त्याच सुमारास त्यांच्याच चेंबरच्या परंपरेतल्या पालखीवालांनी इंदिरा गांधींच्या निवडणूक खटल्याचं वकीलपत्र परत केलं. एकानं पद सोडलं, एकानं पक्षकार सोडला. दुसरा अपवाद १९९८चा. नर्मदा प्रकरणात नरिमन गुजरात सरकारचे वकील होते. त्या वर्षी गुजरातमध्ये ख्रिश्चनांवर हल्ले झाले, बायबलच्या प्रती जाळल्या गेल्या आणि त्यांनी गुजरात सरकारचं वकीलपत्र सोडलं. स्वतः अल्पसंख्य समाजात जन्मलेल्या माणसानं दुसऱ्या अल्पसंख्याकांसाठी मोठा पक्षकार सोडला, याचं मोल मी कमी लेखत नाही. आम्ही एका पॅनलवरून नाव कमी होईल म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसतो.

तरी प्रश्न राहतो. वकीलपत्र सोडता येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नर्मदेचं त्यांनी सोडलं ते हल्ल्यांमुळे; धरणात गावं गेलेल्यांमुळे नव्हे. आणि भोपाळचं सोडलं नाही. मग त्यांच्या विवेकाला कुठलं दुःख दिसत होतं आणि कुठलं दिसत नव्हतं? माझं उत्तर असं की, हल्ला, अटक, जाळपोळ, म्हणजे घटनेच्या कलमात थेट बसणारा अन्याय त्यांना तत्काळ दिसायचा. आकड्यांत आलेलं दुःख, भरपाईच्या गणितात शिरलेलं दुःख, त्यांना उशिरा दिसलं. हे मी आरोप म्हणून लिहीत नाही. अकरा वर्षं गुणक सोळानं गुणणाऱ्याला तसा अधिकार नाही. आकड्यांत आलेलं दुःख वकिलाला दिसतच नाही, अशीच या धंद्याची घडण आहे. ते उशिरा का होईना दिसलं आणि त्यांनी तसं सांगितलं. पुष्कळांना ते शेवटपर्यंत दिसत नाही.

लेखक म्हणून मात्र मला यात एक गोष्ट लक्षणीय वाटते. एरवी प्रत्येक अडचणीच्या जागी हाताशी असलेला त्यांचा विनोद भोपाळपाशी थांबतो. तिथला नरिमन कागदपत्रं मांडणारा, घटनाक्रम सांगणारा, आपली बाजू लढवणारा वकील आहे. स्वतःची फजिती सांगणारा तो लेखक तिथं नाही. पहिल्यांदा वाचताना ती पानं मला रूक्ष वाटली होती आणि मी उलटून टाकली होती. आता वाटतं, पुस्तकातली सगळ्यांत प्रामाणिक पानं तीच असतील. या गोष्टीचा किस्सा होऊ शकत नाही, एवढं त्यांना कळलं होतं. मला माझ्या किश्श्याबाबत ते कळायला दोन-तीन वर्षं लागली.

०००

आता पुन्हा भीष्माकडे. कीर्तनात एक कथा सांगतात. युद्ध संपलं आहे. शरपंजरी पडलेला भीष्म पांडवांना राजधर्म सांगतो आहे आणि सगळे हात जोडून ऐकत आहेत. एवढ्यात द्रौपदी हसते. भीष्म विचारतो, बाई, का हसलीस? ती म्हणते, आजोबा, आज एवढा धर्म सांगताय. भर सभेत माझं वस्त्र ओढलं जात होतं तेव्हा हा धर्म कुठं होता? भीष्म रागावत नाही. तो म्हणतो, तेव्हा माझ्या अंगात कौरवांच्या अन्नाचं रक्त होतं. अर्जुनाच्या बाणांनी ते वाहून गेलं, म्हणून आज हे सुचतंय.

नरिमन यांची शेवटची पुस्तकं म्हणजे त्यांचं शांतिपर्व. २०१३ मध्ये 'द स्टेट ऑफ द नेशन', मग २०१८चं पुस्तक आणि २०२३ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, 'यू मस्ट नो युवर कॉन्स्टिट्यूशन'. ही पुस्तकं सलग बांधलेली नाहीत. व्याख्यानाचा सूर मधूनच चढतो, अवतरणांची गर्दी होते, एका किश्श्यातून दुसरा निघतो आणि मूळ मुद्दा दोन पानांनंतर सापडतो. पण सामान्य माणसाला राज्यघटना समजावी म्हणून त्या वयात एवढा ठोकळा लिहायला बसणं यातच एक धर्म आहे. नव्वदी पार केलेले कांगा आपण अजून शिकतोच आहोत असं म्हणत, हे नरिमन आवर्जून सांगायचे. शेवटी ते स्वतःही तसेच झाले.

तर, त्यांना भीष्म म्हणावं का? सभेतून ते दोनदा उठून गेले, म्हणून नाही म्हणावंसं वाटतं. एकदा बसून राहिले, म्हणून हो म्हणावंसं वाटतं. पण त्या कथेत भीष्माला प्रश्न विचारायला द्रौपदी लागते. नरिमन यांच्या पुस्तकांत द्रौपदीचं ते हसू बऱ्याच ठिकाणी त्यांचं स्वतःचंच आहे. जिंकलेल्या खटल्यावर ते स्वतःच हसले. ज्या न्यायालयापुढे आयुष्य गेलं त्याच्या मानमरातबावर ते स्वतःच हसले. आणि जिथं हसणं शोभलं नसतं तिथं त्यांनी हसून वेळ मारून नेली नाही. माझी तक्रार एवढीच की, तिथं त्यांनी वकिलाचा कोट उतरवून थोडं आणखी लिहायला हवं होतं. भोपाळमधल्या एखाद्या माणसाचा चेहरा त्या पानांत यायला हवा होता. तो शोधायला गेलो आणि मला सापडला नाही.

आमच्या बार रूममधल्या मायेचा उलगडाही मला आता थोडा होतो. आम्ही सगळे कुणाच्या तरी मिठावर जगणारे. कुणी विमा कंपनीच्या, कुणी बँकेच्या, कुणी बिल्डरच्या. आमच्यापेक्षा कितीतरी मोठा असलेला एक माणूस या धंद्यात राहूनही स्वतःवर हसू शकला आणि चुकलं असं म्हणू शकला, याचा आम्हाला आधार वाटत असावा. आम्ही मात्र त्यातलं हसणं तेवढं उचललं. दुसरा भाग अवघड आहे.

गेल्या महिन्यात माझ्या ज्युनिअरला एका विमा कंपनीच्या पॅनलसाठी विचारणा झाली. तो म्हणाला, "सर, घेऊ का?" मी म्हटलं, "घे. काम चांगलं आहे, शिकायला मिळेल." आणि 'बिफोर मेमरी फेड्स'ची माझी प्रत त्याला दिली. भोपाळच्या पानांत एक जुनी कॉजलिस्ट दुमडून ठेवली होती. त्यानं विचारलं, "हे आधी वाचू का?" मी म्हटलं, "आधी पहिल्यापासून वाच. पोट धरून हस. मग तिथपर्यंत ये."